कपड्यांच्या तारेवरचा रेडिओ

कोरा लिंडाल दिसायला सुंदर असती तर मला इतका त्रास झाला नसता. सुंदर बाईशी कसं वागायचं ते मला ठाऊक आहे. पण कोरा म्हणजे नुसती हाडं आणि कोपरं. मेलेल्या नवऱ्याचे चौकटीचे शर्ट घालणार, बाह्या दुमडणार, केस मागे कसेतरी बांधणार. अशा बाईच्या जेवणाच्या टेबलाशी माझा नवरा संध्याकाळच्या संध्याकाळ डोकं खाली घालून बसायचा, आणि घरी आला की त्याच्या केसांना सोल्डरच्या धुराचा वास यायचा. शर्टावर लिपस्टिकचा डाग असता तर तो दाखवून भांडता आलं असतं. वासाचं काय करणार?

लॉयड रुळांपलीकडचं धान्याचं कोठार चालवतो. त्या वर्षी मका एवढा आला की ट्रक कुठे अडकलाय, कोणाच्या शेतावर आहे, काही पत्ता लागेना. तेव्हा त्याच्या डोक्यात रेडिओ शिरला. सरकारने नुकत्याच साध्या माणसांसाठी काही लहरी मोकळ्या केल्या होत्या. परीक्षा नाही, काही नाही, अर्ज करायचा, परवान्याचा आकडा यायचा, आणि बोलायचं. तयार रेडिओ महाग, म्हणून आयोवातले आमच्यासारखे लोक टपालाने किट मागवायचे. खोक्यात सगळे भाग सुटे, आणि सोबत जाडजूड पुस्तक. बसा जोडत.

लॉयडला खिळा सरळ ठोकता येत नाही. कोराने मात्र युद्धाच्या काळात विमानांचे रेडिओ जोडण्याच्या कारखान्यात काम केलेलं. आणि ती राहणार नेमकी आमच्या कुंपणापलीकडे. म्हणजे झालंच.

"स्वस्तातलं किट घेऊ नकोस, लॉयड," तिने पहिल्याच दिवशी कुंपणावरून सांगितलं. "थोडे जास्त गेले तरी चालतील, पण चांगल्यातलं घे."

माझा नवरा बूटसुद्धा मला न विचारता घेत नाही. पण किट त्याने कोराच्या शब्दावर मागवलं.

एक कोठारासाठी, एक ट्रकसाठी. दोन्ही तिच्या टेबलावर जोडून झाले, आणि तिसरा तिने स्वतःच्या घरासाठी जोडला. कोठाराचा रेडिओ बसवायच्या आधी त्याने तो माझ्या स्वयंपाकघरात आणला आणि मला दाखवायला उलटा केला.

"हे बघ, वर्ना. कोराने टाकलेले सोल्डरचे थेंब. एकसुद्धा मंद नाही. सगळे कसे चकचकीत."

"छान आहेत," मी म्हटलं.

"पुसट पडला थेंब की समजायचं, आत जोड कच्चा. कोराचा एकही नाही."

तो वाकून वाकून बघत होता. मी या घरात आल्यापासून जे काही रांधलंय, विणलंय, शिवलंय, त्यातल्या कशावर हा माणूस असा वाकला असेल तर शपथ. माझ्या चेरी पायला त्याचं एकच प्रमाणपत्र, "बरा झालाय." आणि इथे शिशाच्या ठिपक्यांवर जीव ओवाळून टाकत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मग घरात पण एक लावू या की," मी म्हटलं. "तू कोठारात, मी इथे. बोलता येईल."

"तुला कशाला? फोन आहे घरात."

फोन होता, पण तो सगळ्या रस्त्याला मिळून एका तारेवरचा. एका घराची घंटा वाजली की पाच घरांत वाजायची, आणि ज्याला ऐकायचं तो उचलून ऐकायचा. सगळेच ऐकायचे, त्यात लाज कसली. पण उचललं की तारेत 'कट्' वाजायचं आणि बोलणारी लगेच म्हणायची, "मिनी, आलीस का? अगं, तुझी सर्दी कशी आहे?" फोनवर चोरून ऐकणं असं उघड्यावरच चालायचं.

रेडिओत मात्र 'कट्' नाही. रेडिओ हवेतला. ऐकणारे किती आहेत, कोण आहेत, याचा बोलणाऱ्याला मागमूस नसतो, असं मी धरून चालले. आणि म्हणून मी माझ्या नावावर किट मागवलं. स्वस्तातलंच मागवलं. कोराने घेऊ नकोस म्हटलेलं, नेमकं तेच.

ते पार्सल लॉयड कोठारात असताना आलं. शिवणाच्या खोलीत दार लावून मी खोकं फोडलं आणि खरं सांगते, ते तसंच परत पाठवावंसं वाटलं. कागदाच्या पुड्यांत बारीक बारीक रंगीत पट्ट्यांचे तुकडे, काचेचे व्हॉल्व्ह, स्क्रू, तारा. मग पुस्तक उघडलं. त्यात प्रत्येक कामापुढे एक चौकोन होता, काम झालं की पेन्सिलीने त्यात खूण करायची. हे म्हणजे विणकामाच्या नमुन्यासारखंच झालं. एक सुलट, दोन उलट. पट्ट्यांचे रंग ओळखायचे, आणि रंग ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, रिळांच्या डब्यात माझं आयुष्य गेलंय. तारेचं टोक सोलायचं, वळवायचं, अडकवायचं. सोल्डरचा मात्र पहिल्यांदा बट्ट्याबोळ झाला. बोटं भाजली, गालिच्यावर डाग पडला, त्यावर मी शिवणयंत्र ओढून ठेवलं. माझे थेंब मंद पडायचे. मी ते पुन्हा तापवायचे, पुन्हा टाकायचे, आणि प्रत्येक थेंबाला मनातल्या मनात कोराच्या थेंबाशेजारी ठेवून बघायचे. शेवटचे काही कोराच्या तोडीचे होते. हे मी गर्वाने म्हणते, कारण बघायला दुसरं कोणी नव्हतं.

एरियलचा प्रश्न होता. छपरावर काठी उभारली असती तर गावभर बोभाटा झाला असता. पण मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची जस्ताची तार होती, खोलीच्या खिडकीपासून थेट कोराच्या कुंपणापर्यंत ताणलेली. तिलाच एक बारीक तार जोडून मी खिडकीच्या फटीतून आत घेतली. थंडीत त्या तारेवर कपडे नसायचेच.

कोठाराच्या रेडिओवर चॅनेलचा जो आकडा होता त्याच आकड्याचा स्फटिक मी मागवला होता, म्हणजे माझा रेडिओ नेमका त्याच चॅनेलवर लागणार. परवाना मात्र मागवला नाही. परवाना बोलायला लागतो. मला कुठे बोलायचं होतं?

कळ फिरवली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. आणि तव्यावर पाणी शिंपडावं तशी एकसारखी फुसफुस सुरू झाली. बराच वेळ नुसती फुसफुस. मला वाटलं, बिघडलं. मग एकदम फुसफुस थांबली, अगदी शांत झालं, आणि त्या शांततेतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"कोरा, आज न्याहारीला काय केलंस?"

मी ते खोकं स्वतःच्या हाताने जोडलं होतं. पहिल्या फटक्यात चालू झालं होतं. नाचायला हवं होतं मी. आणि मी खुर्चीत बसून विचार करत होते की मला याने न्याहारीचं शेवटचं कधी विचारलं. कधीच नाही. न्याहारी मीच करते ना, विचारणार कशाला!

"टोस्ट," कोरा म्हणाली. "आणि तू?"

"वर्नाने अंडी केली होती."

"कशी होती?"

"बरी होती."

तेव्हापासून सकाळची भांडी झाली की मी शिवणाच्या खोलीत. सरकारने कामापुरतंच बोला असं सांगितलेलं, पण आमच्या टिलफोर्डमध्ये कोण बघायला येतंय. जिवाचा कान करून ऐकायचे मी. मक्याची ओल. मालगाडी. कोराचं दुखणारं खांद्याचं हाड. त्यात काही वावगं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. चोरटं काही असतं तर मी बाह्या सरसावून कुंपण ओलांडलं असतं. पण हा माणूस घरात जेवताना मीठ दे, यापलीकडे बोलत नाही, आणि तिकडे एका विधवेला मालगाडीला उशीर का झाला ते इतकं रंगवून सांगतो! मला त्याचं प्रेम दुसरीकडे गेल्याचा संशय नव्हता. माझे शब्द दुसरीकडे चाललेत, याचा जळफळाट होता. माझ्या वाट्याचे शब्द तो रोज सकाळी त्या बाईला देऊन येत होता आणि घरी रिकामा परतत होता.

नाताळानंतर बोलण्याचा रंग बदलला.

एका सकाळी मालगाडीचं बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, "वर्ना इस्त्री करताना गाते, माहीत आहे? तिला वाटतं कोणाला ऐकू येत नाही. मी खालच्या पायरीवर बसून बूट घालत राहतो. घालून झाले तरी."

कोरा म्हणाली, "हं."

माझा हात तोंडावर गेला. मी इस्त्री करताना गाते?

दुसऱ्या दिवशी चेरी पाय निघाला. "कोरा, तो पाय खाताना मला काही सुचत नाही. बरा झालाय म्हणतो मी. दुसरं काय म्हणणार, तोंड भरलेलं असतं." मग माझे हात निघाले, बर्फात लाल होणारे. मग त्याच्या आईच्या आजारपणात मी कशी रात्रंदिवस उभी राहिले ते. मी नुसती ऐकत बसायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याच्या डोक्यात मक्याशिवाय काही नाही.

मी सुखावले, खोटं कशाला बोलू. केस कुरळे करून घेतले. रविवारची वाट न बघता मधल्याच वारी चेरी पाय केला. लॉयडने खाल्ला आणि म्हणाला, "बरा झालाय," आणि मी वळून सिंकपाशी गेले, कारण मला हसू आवरेना.

पण पोटातलं दुखणं गेलं नाही, त्याने जागा बदलली. हे तिला का सांगतोयस? बायको मी, इस्त्री माझी, चेरी पाय माझा, आणि 'हं' म्हणायला ती! माझ्या नवऱ्याच्या तोंडचं माझं कौतुक आधी तिच्या कानात जाऊन मग माझ्याकडे येत होतं. उष्टं अन्न मी कधी खाल्लं नाही, आणि हे मात्र रोज खात होते.

फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात रेडिओवाल्यांची कॉफीची बैठक होती. ज्याच्याकडे रेडिओ तो यायचा, बायका गोड काहीतरी करून आणायच्या. पुरुष आपापल्या एरियलची उंची सांगत होते, दरवेळी थोडी वाढवून. मी कॉफी ओतत होते. हार्डवेअरचं दुकान चालवणारे ऑर्विल स्टुकी उठले आणि चमच्याने कप वाजवला.

"एक गोष्ट विचारायची आहे. सकाळी दहाच्या सुमाराला रुळांच्या या बाजूला कोण ऐकत बसतं?"

माझ्या हातातली किटली कपावर तशीच राहिली.

"नाही, राग नाही," ऑर्विल म्हणाले. "पण कोणीतरी स्वस्तातलं किट लावलंय. त्या जातीच्या खोक्याला गप्प बसून ऐकता येत नाही हो. ऐकता ऐकता ते स्वतःच एरियलमधून फुसफुसत राहतं. चार घरांपर्यंत सगळ्यांच्या रेडिओत ती फुसफुस येते. माझ्या दुकानात येते, लॉयडच्या कोठारावर एवढं उंच एरियल, तिथे तर नक्कीच येत असणार. काय लॉयड?"

"म्हणजे आपल्या फोनसारखंच झालं!" कोणीतरी ओरडलं. "कट् वाजलं की मिनी आली!"

सगळं तळघर हसलं. म्हातारी मिनीसुद्धा हसली. लॉयड कपात बघत होता. कोरा लिंबाच्या वड्या कापत होती, तिची सुरी मध्येच थांबली आणि पुन्हा चालू झाली. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर एक वेळ मी समजूत घातली असती मनाची.

"मला नाही कधी ऐकू आली," लॉयड म्हणाला.

खोटं बोलला. माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "रस्ता निसरडा आहे." मी म्हटलं, "हो." तेवढंच.

कानशिलं नुसती तापली होती माझी. माझी फुसफुस त्यांना पहिल्या दिवसापासून ऐकू जात होती! मी आत आले की त्यांना कळायचं आणि मी गेले की कळायचं. म्हणजे इस्त्री, चेरी पाय, लाल हात, सगळं मला ऐकवायला होतं. मांजराला घालावं तसं वाटीत दूध घालून मला गप्प बसवत होते दोघं. आणि फुसफुस नसेल तेव्हा? मी बाजारात, मी धुण्यात, तेव्हा काय बोलत असतील? न्याहारीच्या पुढे काय विचारत असेल हा तिला? इतके दिवस मला ज्याची भीती वाटली नव्हती, त्याने आता मला झोप लागू दिली नाही. मला फुसफुस न करता ऐकायचं होतं, एकदाच.

बिनफुसफुशीचा रेडिओ आमच्याच अंगणात होता. थंडीत ट्रक मागच्या शेडमध्ये उभा असायचा, आणि त्यातला रेडिओ चांगल्यातला होता, कोराने जोडलेला. तिच्याच चकचकीत थेंबांनी तिला पकडायचं, हे मला फार आवडलं.

सकाळी लॉयड कोठाराकडे गेला. शिवणाच्या खोलीतल्या माझ्या रेडिओला मी हात लावला नाही. कोट घालून ट्रकमध्ये जाऊन बसले. किल्ली फिरवली, तो आत घरघरला, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागला. माझ्या श्वासाने काच पांढरी होत होती. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही.

"कोरा, आहेस?"

"आहे."

मी माइकची दोरी मुठीत आवळली. आता बोला म्हटलं. आता काय ते बोला.

"आज शेजारी सामसूम आहे," कोरा म्हणाली.

"तिकडेही फुसफुस नाही?"

"नाही. काल ऑर्विलने सगळं फोडलं ना. आता ती कशाला लावेल."

मी काचेवरचा पांढरा थर बाहीने पुसला.

"थोडं थांबू या," लॉयड म्हणाला. "लावेल कदाचित. निळ्या कोटाचं सांगायचं राहिलंय."

"लॉयड, तिला समोर बसवून सांग ना एकदाचं."

"समोर जमत नाही. मी प्रयत्न केलाय, कोरा. तोंड उघडतो आणि मीठ मागतो. खिडकीतून ती तार गेलेली दिसली, तेव्हा वाटलं, चला, असं तरी जमेल."

"तुझं जमतंय रे. माझं काय?" कोराचा आवाज बदलला होता. "नेल्स सोळा वर्षं माझ्याशी संसार करून गेला. माझ्या हातांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मी इथे भांडी घासत तुझ्या बायकोचे हात ऐकते. हेवा वाटतो मला तिचा. खूप वाटतो. हे मी सांगणार नव्हते."

लॉयडने बटण दाबलं. मला कोठारातल्या पंख्याची घरघर ऐकू आली. बटण सुटलं.

"जाऊ दे," मग तो म्हणाला. "ती ऐकत नसेल तर बोलायचं तरी काय. बंद करतो."

आणि बंद केलं. झालं. माझ्या पाठीमागे ते एवढंच बोलत होते.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, ट्रकच्या पायरीवरून खाली उतरेपर्यंत. मग कोराचं वाक्य आठवलं आणि मी सांगायला लाजत नाही, पहिल्यांदा मला आनंद झाला. ती माझा हेवा करत होती. ती, चकचकीत थेंबांची! अंगणातून घरात जाईपर्यंत मी तो आनंद पुरवून पुरवून खाल्ला. स्वयंपाकघरात आल्यावर मात्र तो घशाशी आला. ती निदान आपली मधली जागा सोडून द्यायला तरी तयार होती. मला काय हवं होतं ते मलाच धड कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी मी शिवणाच्या खोलीत जाऊन कळ फिरवली. उघड, दार सताड ठेवून. फुसफुस सुरू झाली. जाऊ दे बाहेर. चार घरं ऐकू देत.

थोड्या वेळाने फुसफुस थांबली.

"आली," कोरा म्हणाली. एवढंच. दमलेला आवाज.

मग लॉयड. घसा साफ केला त्याने. "कोरा, मी तुला निळ्या कोटाचं सांगणार होतो. मेसन सिटीच्या नाचघरात वर्नाने निळा कोट घातला होता. तिची मैत्रीण म्हणत होती कोट काढ, आत गरम आहे. ती काढेना. आतल्या झग्याला ठिगळ होतं म्हणून, हे मला नंतर कळलं. घामाने डबडबलेली, आणि कोट काही काढेना. मी दाराशी उभा होतो. आणि मला वाटलं…"

तो थांबला. "हं," कोरा म्हणाली.

त्या 'हं'मध्ये सगळं होतं. ती त्याला धीर देत होती. सांग, पुढे सांग. माझ्या ठिगळाचं, माझ्या घामाचं ऐकून ती माझ्या नवऱ्याला धीर देत होती, आणि मी चार भिंतींत बसून फुसफुसण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. मला त्या क्षणी ते कौतुक नको झालं. मला ते 'हं' हवं होतं. त्या 'हं'चा मला जितका मत्सर वाटला तितका जगात कशाचा वाटला नाही.

मी माइक उचलला. आजवर एकदाही न दाबलेलं बटण दाबलं. ते कडक होतं.

"कोरा," मी म्हटलं, "आता तू बंद कर. पुढचं मी ऐकते."

बटण सोडलं. फुसफुस. मग कोरा.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. तिला रडू येत होतं की हसू, मला कळलं नाही. "लॉयड, ऐकलंस ना? मी चालले." आणि तिकडे कळ फिरल्याचा आवाज आला.

"वर्ना?" लॉयड म्हणाला.

"हं," मी म्हटलं. माझं 'हं'. कसंबसं निघालं.

"तुझ्याकडे परवाना नाही."

"नाही."

"हं."

"लॉयड, दाराशी उभा होतास. आणि तुला वाटलं. काय वाटलं?"

फुसफुस चालूच राहिली. मी दोन्ही हातांनी माइक धरून बसले होते. मग फुसफुस थांबली, म्हणजे त्याने बटण दाबलं होतं. कोठारातला पंखा घरघरत होता. दूर कोणीतरी फावडं टाकलं. त्याचा श्वास येत होता, जवळ, माझ्या कानाशी. तो बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा, ते सुद्धा मला ऐकू येत होतं. त्याचं बटण दाबलेलं असेपर्यंत मला मध्ये बोलता येणार नव्हतं, मदत करता येणार नव्हती, 'हं' म्हणता येणार नव्हतं.

"मक्याला…" तो म्हणाला, आणि पुन्हा गप्प झाला. बटण मात्र त्याने सोडलं नाही.

मी ते सगळं ऐकलं. नाताळापासून कोराला त्याने भरभरून शब्द दिले होते आणि मला हा दाबलेल्या बटणामागचा श्वास देत होता, याहून जास्त त्याच्याकडे माझ्यासाठी कधी नव्हतं, हे मला समजत होतं. दोन्ही माझंच होतं. आणि तरी कोराच्या वाट्याला जे आलं, ते मला हवं होतं.